सरकारी कागद कोर्टात शाबीत कसा करायचा : नकलेच्या अर्जापासून निशाणी पडेपर्यंत

"सातबारा तर दावा लावतानाच जोडला होता की!" निकाल विरोधात गेल्यावर पक्षकाराचे हे वाक्य ठरलेले. जोडलेला असतो, खोटे नाही. पण तो असतो झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारलेला, यादीत सातव्या क्रमांकावर पडून राहिलेला, शपथपत्रात एका शब्दाने उल्लेख नसलेला. असा कागद दप्तरात असतो, पुराव्यात नसतो; त्याला निशाणी, म्हणजे कोर्टाने पुराव्यात घेतल्याचा क्रमांक, पडलेली नसते. दोन्हींत फार अंतर आहे आणि ते अंतर कापायला जे टप्पे लागतात ते खाली क्रमाने दिले आहेत. क्रम मोडला की काम दुप्पट होते.

लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या दिवाणी दाव्यांना धरून आहे. फौजदारीत जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवातीला कलमांचा घोळ मिटवू. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्या दिवशी जी प्रकरणे चालू होती ती कलम १७० प्रमाणे जुन्या कायद्यानेच पुढे चालतात. म्हणून आधी दावा केव्हाचा ते बघा, मग अर्जात कलम घाला. आपल्या विषयापुरते लक्षात ठेवणे सोपे आहे: जुनी ७४ आणि ७५ ही कलमे एकत्र होऊन आता ७४ झाले, आणि पुढची चार एकेक घर मागे सरकली. ७६ चे ७५, ७७ चे ७६, ७८ चे ७७, ७९ चे ७८. मजकूर जवळपास तोच आहे. खाली नवे आकडे वापरले आहेत.

टप्पा १ : कागद खरोखर सार्वजनिक दस्तऐवज आहे का?

सरकारी शिक्का दिसला की कागद सार्वजनिक झाला, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. कलम ७४ प्रमाणे दोनच गट आहेत. पहिला, शासन, अधिकृत संस्था, न्यायाधिकरणे आणि सरकारी अधिकारी यांनी केलेल्या कामाचे अभिलेख. दुसरा, खाजगी दस्तऐवजांची सरकारने ठेवलेली सार्वजनिक नोंद. बाकी सगळे खाजगी.

मी स्वतः एक प्रश्न विचारतो: हा मजकूर अधिकाऱ्याने आपल्या कामाचा भाग म्हणून लिहिला, की पक्षकाराने लिहिला आणि अधिकाऱ्याने फक्त फाइलला लावला? फेरफार नोंदवही, सातबारा, मिळकत पत्रिका, जन्म-मृत्यूची नोंद, कोर्टाचा निकाल आणि हुकूमनामा, राजपत्र हे पहिल्या प्रकारात बसतात. तहसीलदारासमोरच्या प्रकरणात कोणी वाटणीचा साधा कागद जोडला असेल, तर फाइल सरकारी असली तरी तो कागद खाजगीच राहतो. त्याची सहीशिक्क्याची नक्कल आणली तरी त्याची जात बदलत नाही.

खरेदीखत हे दुहेरी प्रकरण आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या. मूळ खरेदीखत दोन माणसांमधला खाजगी दस्त. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातले पुस्तक, ज्यात त्याची नोंद झाली, ती सार्वजनिक नोंद. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे निबंधकाने दिलेल्या प्रमाणित प्रतीने मूळ दस्ताचा *मजकूर* शाबीत होतो. तो दस्त अमक्यानेच करून दिला, सही त्याचीच, हे त्या प्रतीने शाबीत होत नाही. समोरच्याने खरेदीखतच नाकारले असेल तर मूळ दस्त आणि त्याचा साक्षीदार दोन्ही लागतील. मृत्युपत्राचे तर विचारूच नका. नोंदणीकृत असले तरी साक्षांकन करणारा साक्षीदार हयात आणि उपलब्ध असेल तर किमान एकाला पिंजऱ्यात उभे करावेच लागते.

दोषारोपपत्राबद्दलही गैरसमज आहे. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात स्पष्ट केले. आणि बँकेचा उतारा? बँक राष्ट्रीयीकृत असली तरी त्याची वाट वेगळी आहे. त्याला १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा लागतो आणि त्यातल्या नमुन्याचे प्रमाणपत्र.

टप्पा २ : नेमके काय शाबीत करायचे आहे, ते एका ओळीत लिहा

हा टप्पा वकीलसुद्धा गाळतात. मग वर्षभराने उलटतपासात कळते की कागद बरोबर होता, पण मुद्दा दुसराच होता.

प्रत्येक सरकारी कागदाबाबत तीन वेगळे प्रश्न असतात. नक्कल अस्सलाशी जुळते का? देणारा खरोखर त्या पदावर होता का? आणि अस्सलात जे लिहिले आहे ते खरे आहे का? कलम ७८ चे गृहीतक पहिल्या दोन प्रश्नांची काळजी घेते. नक्कल नियमाप्रमाणे असेल तर न्यायालय ती खरी मानूनच चालते, त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. तिसऱ्या प्रश्नाला हे गृहीतक हात लावत नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरचे उदाहरण घ्या. उतारा बरोबर आहे, मुख्याध्यापकांची सही आहे, शिक्का आहे. म्हणून जन्मतारीख शाबीत झाली का? बिरदमल सिंघवी प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती तारीख कोणी आणि कशाच्या आधारे सांगितली हे पुढे आल्याशिवाय अशा नोंदीला वजन नाही. नोंद पुराव्यात येते, पण तोलायला गेले की हलकी भरते. वडील, आई किंवा ज्याने शाळेत नाव घातले तो माणूस साक्षीला आला तर गोष्ट वेगळी.

सातबाऱ्याला मात्र स्वतंत्र बळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित झालेली फेरफार नोंद, उलट शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. पण हे गृहीतक मोडता येते. शिवाय फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे इतक्या निकालांत येऊन गेले आहे की त्यावर युक्तिवाद करण्यात वेळ घालवू नये. कब्जा दाखवायचा असेल तर पीकपाहणीचा रकाना कामाचा. मालकी दाखवायची असेल तर फेरफार ज्या खरेदीवरून, वाटपावरून किंवा वारसाने पडला तो मूळ आधार आणा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यालाही हेच लागू: कर कोण भरतो ते कळते, घर कोणाचे ते नाही.

> तपासा : कागदाच्या नावापुढे एका ओळीत उत्तर लिहा, "यावरून ______ शाबीत होईल." ओळीत 'मालकी' आणि कागदात 'फेरफार' असेल तर तिथेच थांबा.

टप्पा ३ : नकलेचा अर्ज, योग्य खिडकीवर

प्रमाणित प्रत देण्याचा अधिकार कागद ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्याला, किंवा रोजच्या कामात अशा नकला द्यायचा अधिकार ज्याला आहे त्याला. म्हणून पहिला शोध ताब्याचा. चालू सातबारा तलाठ्याकडे. जुने फेरफार बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात. मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख उपअधीक्षकाकडे. निकाली दाव्याचे कागद त्या न्यायालयाच्या नक्कल शाखेतून.

अर्ज जितका मोघम, तितका उशीर. "गट नंबर १२४ चे सर्व जुने कागद मिळावेत" असा अर्ज अभिलेख कक्षातल्या कारकुनासमोर ठेवला तर तो बाजूला पडणारच. मौजे, तालुका, गट किंवा जुना सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, वर्ष, प्रकरण क्रमांक, यांपैकी जे माहीत आहे ते सगळे घाला. फेरफार क्रमांक कुठून मिळेल? सातबाऱ्यावरच असतो, नावांजवळ वर्तुळात किंवा कंसात. तिथून एकेक फेरफार मागे मागे काढत जायचे.

दोन गोष्टी अर्जातच मागून घ्या. एक, नकलेच्या शेवटी "खरी नक्कल" असा शेरा, तारीख, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का. हे कलम ७५ चेच शब्द आहेत, तुम्ही मेहेरबानी मागत नाही. दुसरे, नोंदीचे पूर्ण पान, मागच्या बाजूसकट. "शेरा" रकाना किंवा प्रमाणित करणाऱ्याची सही बहुतेकदा मागच्याच बाजूला असते, आणि झेरॉक्स काढणारा नेमकी तीच सोडतो.

माहिती अधिकारातून आणलेली प्रत चालते का, हा रोजचा प्रश्न. २००५ च्या कायद्यात 'माहितीचा अधिकार' या व्याख्येतच प्रमाणित प्रती आहेत, दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये हा स्वस्त मार्ग आहे, मुदत तीस दिवसांची. अडचण दोन ठिकाणी येते. काही कार्यालये "माहिती अधिकारात दिले" एवढाच शिक्का मारतात, ज्यात नाव नसते, हुद्दा नसतो. आणि मूळ कागद खाजगी असेल तर माहिती अधिकारातून आला म्हणून तो सार्वजनिक होत नाही. कागद शोधायला माहिती अधिकार वापरावा, कोर्टात घालायला मात्र नकलेचा सरळ अर्ज करावा, असे मी सांगतो.

कार्यालयाने "अभिलेख आढळून येत नाही" म्हटले, तर तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी घ्या. अस्सल नष्ट झाले किंवा गहाळ झाले हे त्या पत्रानेच दाखवता येते, आणि मग कलम ६० च्या (ग) खंडाखाली तुमच्याकडची जुनी साधी प्रत दुय्यम पुरावा (अस्सलाऐवजी दिलेला पुरावा) म्हणून दाखल करायचा रस्ता मोकळा होतो. ते पत्र नसेल तर तुमच्या घरातली प्रत प्रत म्हणूनही उभी राहत नाही.

> सावधान : राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा नोटरीने "अस्सलाबरहुकूम" म्हणून सही केलेली झेरॉक्स ही प्रमाणित प्रत नव्हे. अस्सल कार्यालयात आहे तोवर सार्वजनिक दस्तऐवजाचा दुय्यम पुरावा म्हणून प्रमाणित प्रतच चालते, दुसरा कोणताही दुय्यम पुरावा चालत नाही.

टप्पा ४ : खिडकीसमोर उभे राहूनच नक्कल तपासा

घरी नेऊन वाचू म्हणालात, तर परत येण्यात एक दिवस गेलाच म्हणून समजा. पाच मिनिटे लागतात:

१. शेवटच्या पानावर "खरी नक्कल" किंवा तत्सम शेरा आहे का?
२. सहीखाली अधिकाऱ्याचे *नाव* आहे का? नुसती वळणदार सही आणि हुद्द्याचा रबरी शिक्का एवढेच फार वेळा मिळते.
३. तारीख आहे का? नकलेच्या अर्जाची नव्हे, प्रमाणित केल्याची.
४. गोल शिक्का उमटला आहे का, की शाई संपल्यामुळे अर्धाच दिसतो?
५. अनेक पाने असतील तर प्रत्येक पानावर सही आणि पान क्रमांक.
६. मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो का?

तिसऱ्या मुद्द्याने मला एकदा चांगलेच शिकवले. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वारसाच्या दाव्यात मी फेरफाराची नक्कल हजर केली. सही, शिक्का, नाव सगळे होते. प्रतिवादीच्या वकिलांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "तारीख कुठाय?" नव्हतीच. न्यायाधीशांनी निशाणी दिली नाही. नवी नक्कल आणायला मुदत मागितली, अभिलेख कक्षात त्या आठवड्यात स्थलांतर चालू होते, आणि साक्ष दोन महिने पुढे गेली. पक्षकाराने मला काही बोल लावला नाही. पण त्या तारखेला तो पुण्याहून रजा काढून आला होता.

कागद जपण्याचे तीन नियम. लॅमिनेशन करू नका: निशाणीचा शेरा कागदावरच लिहायचा असतो, आणि प्लॅस्टिकवर ना शाई टिकते ना शिक्का. दप्तराला लावण्यासाठी पंच करताना भोक शिक्क्यातून जाऊ देऊ नका, डाव्या कडेला कोरी पट्टी चिकटवून तिच्यात पाडा. आणि न्यायालयाच्या नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची अशा ज्या तारखा असतात तो भाग कधीही कापू नका. अपिलाच्या मुदतीतून नकलेला लागलेला वेळ वगळून मिळतो तो त्याच तारखांवरून.

टप्पा ५ : ऑनलाइन उताऱ्यांचे वेगळे प्रकरण

महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो, आणि तसे त्यावर छापलेलेही असते. तो यादीला जोडून दावे लागतात हे मी दर महिन्याला बघतो. त्याऐवजी महाभूमी पोर्टलवरून पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढा. त्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून कोणालाही उतारा ताडून बघता येतो. छापताना तो भाग कापला जात नाही ना, एवढे पाहा. कागदावर डिजिटल स्वाक्षरी जिवंत राहत नाही, मागे उरतो तो क्रमांकच.

तरीही उतारा वादाचा मुख्य मुद्दा असेल, तर माझा सल्ला जुन्या वळणाचा आहे: तलाठ्याच्या किंवा तहसीलच्या सहीशिक्क्याची नक्कल सोबत ठेवा. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची छापील प्रत स्वतःच्या बळावर पुराव्यात घालायची तर कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. नव्या कायद्यात त्याचा नमुना परिशिष्टात आहे, 'अ' आणि 'ब' असे दोन भाग, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलचा डिजिटल ठसा), आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब बाबत ठामपणे सांगितले. प्रकरण आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचे होते. ज्या कागदाची हातसहीची नक्कल खिडकीवर मिळते, त्यासाठी एवढा घाट कशाला?

टप्पा ६ : यादी, भाषांतर आणि वेळ

वादीने आपला आधार असलेले कागद दाव्यासोबत द्यायचे, दिवाणी प्रक्रिया संहिता आदेश ७ नियम १४. प्रतिवादीने कैफियतीसोबत (लेखी उत्तरासोबत), आदेश ८ नियम १-अ. मागाहून द्यायचे तर परवानगीचा अर्ज आणि उशिराचे कारण. नक्कल अजून मिळाली नसेल तर यादीत तसे लिहा: कागदाचे नाव, कोणाच्या ताब्यात आहे, नकलेचा अर्ज कोणत्या तारखेला केला. अर्जाची पोच जोडा. हे एक वाक्य पुढे परवानगी मागताना फार उपयोगी पडते.

यादीत "सातबारा उतारे – ५" असे ढोबळ लिहू नका. प्रत्येक कागदाला स्वतंत्र अनुक्रमांक, गट क्रमांक, वर्ष आणि नकलेची तारीख. साक्षीच्या वेळी कोणता सातबारा कोणता, हे शोधण्यात कोर्टाची पंधरा मिनिटे गेली की न्यायाधीशांचा चेहरा काय सांगतो ते अनुभवी माणसाला विचारा.

मोडी कागद असेल तर दोन वेगळी कामे आहेत. अभिलेखातून प्रमाणित प्रत आणणे हे पहिले. जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घेणे हे दुसरे. प्रमाणित प्रतीला गृहीतक आहे, लिप्यंतराला नाही. समोरच्याने वाचनावर शंका घेतली तर लिप्यंतर करणाऱ्याची साक्ष लागेल. म्हणून लिप्यंतरावर त्याचे नाव, सही आणि तारीख घ्या, आणि तो कोर्टात यायला तयार आहे का ते आधीच विचारा.

टप्पा ७ : समोरच्याकडून कबूल करून घ्या

सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे कबुली, आणि ती मागायला लोक विसरतात. आदेश १२ नियम २ प्रमाणे कागद कबूल करण्याची नोटीस द्या. विनाकारण नाकारले आणि तुम्हाला तो शाबीत करायचा खर्च आला, तर तो खर्च नाकारणाऱ्यावर पडू शकतो. वकील मंडळींत हे बहुधा पुरसिसवर, म्हणजे कोर्टात दिलेल्या छोट्या लेखी निवेदनावर, होते: "यादीतील अ. क्र. १ ते ४ कबूल, ५ व ६ नाकबूल." पण पुरसीस लिहिताना कबुली कशाची, ते स्पष्ट करा. कागद खरा असल्याची, की त्यातला मजकूर खरा असल्याची? पहिली द्यायला सहसा कोणी अडत नाही. दुसरी चुकून दिली गेली तर दावाच हातातून जातो.

फौजदारीत हेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० खाली होते, पूर्वीचे २९४. शवविच्छेदन अहवाल, जखमांचा दाखला असे कागद दुसऱ्या बाजूने कबूल केले तर सहीच्या पुराव्याशिवाय वाचता येतात. नाही केले, तर डॉक्टर हवेतच.

टप्पा ८ : साक्षीत कागद आणणे आणि निशाणी पाडून घेणे

इथे बहुतेक कागद मरतात. सरतपासाच्या (आपल्याच साक्षीदाराच्या मुख्य साक्षीच्या) शपथपत्रात प्रत्येक कागदासाठी स्वतंत्र परिच्छेद हवा. नमुना असा:

"मी यादी निशाणी ३ सोबत अ. क्र. ४ वर मौजे ____ येथील फेरफार क्र. ____ ची तहसील कार्यालय ____ यांनी दि. ____ रोजी दिलेली प्रमाणित प्रत हजर केली आहे. ती सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत असल्याने पुराव्यात वाचण्यात यावी व तिला निशाणी देण्यात यावी."

दुय्यम पुरावा द्यायच्या परवानगीचा वेगळा अर्ज इथे करू नका. प्रमाणित प्रत कलम ७६ खाली थेट हजर करता येते. अस्सल समोरच्याकडे आहे, नोटीस दिली, मग परवानगी मागितली, ही सगळी यातायात खाजगी कागदासाठी असते. सार्वजनिक कागदासाठी तसा अर्ज केलात तर समोरचा त्यावर म्हणणे द्यायला तारीख घेतो, आणि तुम्हीच स्वतःला अडकवून घेता.

शपथपत्र दाखल झाले म्हणजे निशाणी पडली असे नाही. उलटतपास सुरू होण्यापूर्वी उठून म्हणा: "यादीतील अ. क्र. ४ ला निशाणी द्यावी." त्यावर हरकत आली तर ती काय आहे ते नीट ऐका. शाबितीच्या *पद्धतीवरची* हरकत, म्हणजे प्रत आहे अस्सल नाही, सही शाबीत नाही, अशी हरकत निशाणी पडतानाच घ्यावी लागते, नंतर नाही. व्यंकटाचल गौंडर प्रकरणातला २००३ चा निकाल सगळे वकील उद्धृत करतात तो यासाठीच. कागद कायद्यानेच अग्राह्य असेल तर मात्र हरकत पुढेही घेता येते. याचा दुहेरी अर्थ आहे: हरकत आली तर ती त्याच दिवशी दुरुस्त करायची संधी मिळते. आणि समोरच्याची झेरॉक्स निशाणी पडत असताना तुम्ही गप्प बसलात, तर अपिलात रडून उपयोग नाही.

> तपासा : त्या दिवशीचा रोजनामा (कोर्टातल्या त्या तारखेच्या कामाची नोंद) संध्याकाळी बघा. निशाणी क्रमांक लिहिला आहे का, आणि कागदावर शेरा व न्यायाधीशांची सही आहे का? दोन्ही नसेल तर पुढच्या तारखेलाच लक्षात आणून द्या, युक्तिवादाच्या दिवशी नव्हे.

निशाणी म्हणजे शाबिती नव्हे, हेही तितकेच खरे. नुसता क्रमांक पडला म्हणून पुराव्याची गरज संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगून ठेवले आहे.

टप्पा ९ : अधिकाऱ्याला साक्षीला बोलवावे का?

बहुतेक वेळा नाही. पण तीन प्रसंगी टाळू नका.

पहिला, मोजणीचा नकाशा. सरकारी अधिकाराने तयार झालेल्या नकाशाच्या अचूकतेचे गृहीतक कलम ८२ मध्ये आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की एखाद्या *प्रकरणासाठी* केलेले नकाशे अचूक असल्याचे शाबीत करावे लागते. दावा लागल्यावर अतिक्रमण दाखवण्यासाठी मोजणी करून घेतली आणि नकाशाची 'क' प्रत जोडली, एवढ्यावर भागत नाही. भूकरमापकाला बोलवा. येताना मोजणीचे टिपण, पंचनामा आणि लगतधारकांना दिलेल्या नोटिसांच्या पोचा घेऊन यायला समन्समध्येच लिहा. उलटतपास त्या नोटिसांवरच होतो.

दुसरा, नोंदीतच खाडाखोड किंवा वेगळी शाई असेल तेव्हा. नक्कल काळीपांढरी असते, त्यात ते दिसत नाही. तिथे अस्सल नोंदवहीच कोर्टासमोर यायला हवी.

तिसरा, नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली हाच वाद असेल तेव्हा.

न्यायालयाच्या दप्तरातला दुसऱ्या दाव्याचा किंवा प्रकरणाचा अस्सल अभिलेख मागवायचा अर्ज आदेश १३ नियम १० खाली करता येतो, पण त्यासोबत शपथपत्र लागते: कागद का महत्त्वाचा, आणि प्रमाणित प्रत वाजवी वेळेत व खर्चात का मिळू शकत नाही किंवा अस्सलच का हवे. नकलेचा अर्जच केलेला नसेल तर हा अर्ज फेटाळला जातो, आणि रास्तच. समन्सवर कारकून नोंदवही घेऊन आला, तर तो "ही आमच्या दप्तरातली नोंदवही" एवढेच सांगू शकतो. नोंद केली तेव्हा काय घडले हे त्याला विचारून उपयोग नाही. तो तेव्हा शाळेत असेल.

तीस वर्षांच्या कागदाबद्दल एक चूक

कलम ९२ चे गृहीतक, पूर्वीचे कलम ९०, फार सैल हाताने वापरले जाते. तीस वर्षे जुना, योग्य ताब्यातून आलेला कागद असेल तर सही आणि करून दिल्याबद्दल न्यायालय गृहीत धरू *शकते*, धरलेच पाहिजे असे नाही. आणि हे अस्सल कागदाबद्दल आहे. १९७५ च्या खरेदीखताची २०२४ मध्ये काढलेली प्रमाणित प्रत आणून "तीस वर्षे झाली" म्हणता येत नाही. प्रत कालची आहे.

राहून गेले असेल तर

युक्तिवादाच्या आधी लक्षात आले, तर कागद घेण्याचा आणि साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज लगेच करा. कारणात "अनवधानाने" हा शब्द एकटा लिहू नका, नकलेसाठी कधी अर्ज केला, कधी मिळाली ते तारखांसह लिहा. निकालानंतर, अपिलात नवा पुरावा द्यायला, आदेश ४१ नियम २७ आहे, पण तिथे दार अरुंद आहे: खालच्या कोर्टाने कागद चुकीने नाकारला, किंवा पुरेपूर प्रयत्न करूनही तो तेव्हा मिळू शकला नाही, किंवा अपिली न्यायालयालाच निकालासाठी तो हवा आहे. प्रमाणित प्रत तर खिडकीवर पहिल्या दिवसापासून मिळत होती, हे उत्तर समोरून हमखास येते. म्हणून टप्पा ३ मधल्या अर्जाच्या पोचा जपून ठेवा.

आणि प्रकरण संपल्यावर: अस्सल कागद कोर्टात सोडून जाऊ नका. अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झाले तर ते निकाली निघाल्यावर, आदेश १३ नियम ९ खाली अर्ज करून ते परत घ्या. त्याआधीच हवे असतील तर जागी प्रमाणित प्रत ठेवावी लागते, तिचा खर्च तुमचा. अर्जात निशाणी क्रमांक लिहा, नाहीतर अभिलेख कक्षातला कारकून तुम्हालाच गठ्ठा उघडायला लावेल.